सोबतीची अट

थोंगयॉंगच्या बंदरावर मालसुनताईंचा बायकांचा हमामखाना होता. तिथे मी एकोणीस वर्षं गिऱ्हाइकांची अंगं घासून दिली. येणाऱ्या बहुतेक जणी कालवं फोडणाऱ्या. सकाळभर गारठलेल्या शेडमध्ये उभं राहायचं, सुरीनं शिंपले उघडायचे आणि दुपारी काम सुटलं की आमच्या कढत हौदात गळ्यापर्यंत बुडून बसायचं. निम्म्याहून जास्त पंचाहत्तरीच्या पुढच्या. मुलं बुसानला नाहीतर सोलला.

गेल्याच्या मागच्या हिवाळ्यात गावातल्या दुसऱ्या एका हमामात एक म्हातारी घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. भरपाई देता देता त्या मालकिणीची इमारत गेली. नेमका त्याच महिन्यात आमचा विमा संपत होता.

विम्याच्या एजंट प्योबाई आमच्याच गिऱ्हाईक. आंघोळ उरकून, केसांना पंचा गुंडाळून त्या कपडे बदलायच्या खोलीत फतकल मारून बसल्या आणि कागद पसरले. मालसुनताई संत्री सोलत होत्या. मी बाजूला पंच्यांच्या घड्या घालत होते.

"ताई, दोनच वाटा आहेत," प्योबाई म्हणाल्या. "हा पूर्ण विमा. कोणीही पडो, कंपनी भरपाई देणार. पण हप्ता बघा."

ताईंनी बघितला. "एवढ्यात माझा बॉयलर अख्खा हिवाळा पेटेल गं!"

"म्हणून हा दुसरा. हप्ता निम्मा. आग, बॉयलर, घसरणं, सगळं धरलंय. फक्त पंचाहत्तरीच्या वरची बाई एकटी आली असेल, तर नाही. सोबत धडधाकट माणूस हवं, साठीच्या आतलं."

"म्हणजे माझं गिऱ्हाईक सोडून बाकी सगळ्यांचा विमा!"

मला हसू आलं. प्योबाई हसल्या नाहीत. "तिसरी वाटही आहे, विमाच नको म्हणायची. त्या पलीकडच्या हमामवाल्या बाईंनी तीच धरली होती."

ताईंनी तीन दिवस कागद उशाशी ठेवले. नवरा गेल्यावर त्यांनी हा हमाम एकटीनं चालवला होता, आणि डोक्यावरचं छप्परही तेच होतं, वरच्या मजल्यावर. चौथ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या कागदावर शिक्का मारला. मला म्हणाल्या, "तू असतीस तर काय केलं असतंस?"

मीही तेच केलं असतं. आजही मला दुसरं काही सुचत नाही.

पंचाहत्तरीच्या पुढच्यांनी सोबत आणावी, अशी दारावर पाटी लागली. म्हाताऱ्यांनी आधी थट्टाच केली. "चल गं, आज तू माझी सून हो!" म्हणत ऐंशीची बाई अठ्ठ्याहत्तरच्या बाईचा हात धरून यायची. ताई दारातच थांबवायच्या. कोणाची शेजारीण आली, कोणाची भाची एकदा आली, दुसऱ्यांदा नाही. महिन्याभरात हौदात चार डोकी दिसू लागली.

बोंगनाम आजी मात्र येतच राहिल्या. वय ब्याऐंशी, एका कानानं बहिऱ्या, अजूनही कालवं फोडणाऱ्या. लेक सोलला. मंगळवारी आणि शुक्रवारी साबणाची टोपली काखेत मारून हजर.

"आजी, सोबत कोण?" ताईंनी विचारलं.

"ही काय!" आजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "एकोणीस वर्षं माझी पाठ घासतेय. हिच्याएवढी मला पोटची पोरगीही ओळखत नाही."

मी लगेच हो म्हटलं. ताईंनी तिथल्या तिथे प्योबाईंना फोन लावला. हमामात कामाला असलेलं माणूस सोबत म्हणून चालत नाही, असं उत्तर आलं.

"बरं, मग असं करू," आजी म्हणाल्या. "पडले तर मी उठून बाहेर जाईन आणि रस्त्यावर जाऊन पडेन. मग तर तुझ्या अंगाला लागणार नाही ना?"

"आजी, नका ना असं बोलू. माझं एवढंच आहे हो. हे गेलं तर मी कुठे जाऊ?"

आजींनी ताईंच्या दंडावर थोपटलं, जणू अडचण ताईंचीच होती, आणि उतार उतरून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी एक दिवस आजी शेडवर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मुकादम घरी बघायला गेला. मोरीत सिमेंटच्या जमिनीवर त्या पडलेल्या होत्या, शेजारी पाण्याचं घमेलं. चहाच्या किटलीत पाणी तापवून आंघोळ करत असाव्यात. मोरीला दारसुद्धा नव्हतं, ताडपत्री होती.

अंत्यविधीच्या दालनात आम्ही दोघी गेलो. फोटोसमोर वाकलो. लेक साधारण पंचावन्नची, डोळे सुजलेले. तिनं आम्हाला बसवलं, गोमांसाचा तिखट रस्सा आणि भात पुढे ठेवला. ताईंचं नाव कळताच तिनं त्यांचे दोन्ही हात धरले.

"आई फोनवर सांगायची, आठवड्यातून दोनदा तुमच्याकडे येते म्हणून. गेल्याच रविवारी म्हणाली, पाणी छान कढत होतं. तुम्ही आहात म्हणून मी तिकडे निर्धास्त होते. तुमचे उपकार कसे फेडू?"

आजींनी लेकीला जे सांगितलं होतं, ते आम्ही कुठल्या तोंडानं खोडायचं? ताईंनी वाटीतला रस्सा सगळा संपवला, शेवटच्या घोटापर्यंत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी काढली. प्योबाईंना म्हणाल्या, पूर्ण विमा द्या, वाटेल तो हप्ता भरते. प्योबाईंनी विचारून सांगितलं, कंपनीनं मधे नियम बदललाय, एवढ्या जुन्या इमारतीला आता तो देत नाहीत. ताईंनी तशीच दारं उघडी ठेवली. पण बायका परतल्या नाहीत. काहींना लेकांनी घरी हीटर बसवून दिले होते, दोघी वृद्धाश्रमात गेल्या होत्या, आणि उरलेल्या त्या दारावरून खाली मान घालून जायच्या. पानगळ सुरू झाली तशी ताईंनी हौदाचं पाणी सोडून दिलं.

त्या अजून वरच्या मजल्यावर राहतात. मी आता शेडमध्ये कालवं फोडते. दुपारी हात इतके बधीर होतात की सुरी बोटांतून सोडवावी लागते. मग घरी जाऊन बादलीत हात बुडवते आणि पाणी निवेपर्यंत बसून राहते.