वाटेतल्या सात खुर्च्या

सुट्ट्या लागल्या की घरोघरी एक प्रश्न हमखास उभा राहतो. पाहुणे आलेत, आता त्यांना न्यायचं कुठे? अटीसाहेबांच्या घरात तो रविवारी सकाळी नाश्त्याला उभा राहिला. त्यांची थोरली बहीण, दाजी आणि भाचा असे तिघे आठवडाभर राहायला आले होते. ताई आणि अटीसाहेबांची बायको यांनी सकाळपासून बिस्किटांचे पाच ट्रे भाजून काढले होते. गावात सर्कस आलेली म्हणून मुलांच्या हट्टाखातर बिस्किटं हत्तीच्या आकाराची केली होती आणि निम्म्या हत्तींच्या सोंडा ओव्हनमधून बाहेर येईपर्यंत मोडल्या होत्या. मोडके हत्ती मुलांनी गट्ट केले आणि लगेच भुणभुण सुरू केली, की सर्कशीला कधी जायचं?

आता हे अटीसाहेब कोण, ते सांगायला हवं. ते नगरपालिकेत परवाना विभागात कारकून. कुठलाही मेळावा, जत्रा, तंबू म्हटलं की परवान्यावर अटी लिहायचं काम त्यांचं. हे काम ते इतक्या कसोशीने करत की कचेरीत त्यांना खऱ्या नावाने कोणी हाकच मारत नसे. मैदानावरच्या सर्कशीला त्यांनीच चौदा अटी घालून दिल्या होत्या. तीन दिवसांपूर्वी टेप घेऊन स्वतः मापं घेतली, तेव्हा कुठे शिक्का उठला. हे त्यांनी घरी येऊन सगळ्यांना दोनदा सांगितलं होतं.

त्या दिवशी दुपारच्या खेळाची तिकिटं मात्र आदल्या दिवशीच संपली होती. हे कळल्यावर दाजी हसले. म्हणाले, “कमाल आहे. तुमच्या सहीवाचून तो तंबू उभा राहत नाही म्हणता, आणि तुम्हालाच बसायला जागा नाही?”

बोलणं थट्टेचं होतं, पण ते जिव्हारी लागलं. अटीसाहेबांच्या म्हाताऱ्या आईचा चेहरा उतरला. सात वर्षांची लेक तर एकदम गप्प झाली. एक क्षण एका जागी बसत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि ती अशी गप्प झाली की अटीसाहेबांना ते सोसत नसे. ते उठले आणि म्हणाले, “तयार व्हा सगळे. तिकिटाचं मी बघतो.”

वाचकहो, ‘मी बघतो’ हे दोन शब्द आपण सगळ्यांनीच कधी ना कधी उच्चारले आहेत. त्या वेळी छाती कशी फुगते, हेही आपल्याला ठाऊक आहे.

तीन वाजता सातही जण मैदानावर हजर झाले. अटीसाहेब रांगेला वळसा घालून थेट तंबूमास्तरांकडे गेले. हा साठी उलटलेला माणूस, दोरखंड ओढून ओढून तळहात चामड्यासारखे झालेले. तंबू उभारणं, बांधणं, उतरवणं सगळं त्याच्या देखरेखीखाली चाले. त्याने नमस्कार केला आणि म्हणणं ऐकून घेतलं. मग हात जोडून सांगितलं की एकही खुर्ची रिकामी नाही, उद्याच्या खेळाला सगळ्यांना मानाने पुढे बसवतो.

दाजी चार पावलांवर उभे होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. अटीसाहेबांनी आवाज चढवला. पूर्वेकडच्या वाटेत एवढी जागा मोकळी आहे, तिथे सात खुर्च्या टाकायला काय हरकत आहे, असं ते म्हणाले.

“साहेब, ती बाहेर पडायची वाट आहे,” तंबूमास्तर म्हणाला. “नववी अट. वाट सहा फूट आणि पूर्ण मोकळी. तुमच्याच अक्षरात लिहिलेली आहे.”

“माझ्या अक्षरात आहे म्हणूनच सांगतोय. आजच्या दिवसापुरतं चालेल.”

 तंबूमास्तरने वर बोट दाखवलं. झुल्यांच्या खाली दोघे जण जाळी ताणून बांधत होते.

“ती जाळी बघा. झुल्यावरची पोरगी दोन वर्षांत एकदाही पडलेली नाही. तरी प्रत्येक खेळाआधी मी जाळी बांधतो. आजच्या दिवसापुरती राहू दे, असं मी तिला एकदाही म्हटलेलं नाही. साहेब, वर खेळणाऱ्यांची ती जाळी आहे. खाली बसणाऱ्यांची जाळी म्हणजे ही मोकळी वाट. ती आज माझ्या हाताने सोडवायला लावू नका.”

बोलणं पटण्यासारखं होतं, आणि खरं तर पटलंही होतं. पण मागे दाजींनी घसा खाकरला. अटीसाहेब म्हणाले, “परवाना अजून बारा दिवसांचा आहे ना? तो मधेच तपासायला यावं लागलं तर तुम्हालाच त्रास.”

तंबूमास्तरने मान खाली घातली. त्याच्या जिवावर साठ माणसांचं पोट होतं. त्याने खुर्च्या आणायला सांगितलं आणि पाठ फिरवून निघून गेला. बायकोने अटीसाहेबांची बाही ओढून हळूच सांगितलं की आपण उद्याच येऊ. त्यांनी बाही सोडवून घेतली.

लोखंडी घडीच्या सात खुर्च्या आल्या. पुढे चार, मागे तीन. चार खुर्च्यांनी सहा फूट अगदी मोजून भरले. जमिनीला रिंगणाकडे उतार होता, त्यामुळे आई बसली की खुर्ची पुढे सरकायची. अटीसाहेबांनी खांबाजवळ पडलेला दोरीचा तुकडा उचलला, चारही खुर्च्यांचे पाय एकमेकांना बांधले आणि दोन्ही टोकं दोन बाजूंच्या खांबांना आवळून टाकली. आईसाठीच बांधल्या, यात खोटं काही नाही. गाठही चांगली मारली. दाजी म्हणाले, “हे मात्र मानलं तुम्हाला.”

खेळ सुरू झाला. सायकलींवर मनोरे रचले गेले, काठ्यांवर बशा फिरल्या, सगळा तंबू टाळ्यांनी दणाणला. मग विदूषक आला आणि त्याने छोट्या मुलांना रिंगणाच्या काठावर येऊन बसायला बोलावलं. पंचवीस-तीस मुलं धावली. आमची भिंगरी खुर्च्यांच्या फटीतून खाली वाकून सगळ्यात आधी पसार झाली. अटीसाहेब कौतुकाने बघत राहिले. अंगठ्याएवढी फट होती, पोरगी कशी निसटली कोण जाणे, असं ते आईला म्हणाले.

पाचेक मिनिटं गेली असतील. बँडच्या मचाणाखालून करड्या धुराची एक रेघ वर चढली. आधी लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे. काहींनी टाळ्याही वाजवल्या. मग जळक्या रबराचा वास आला, तडतड आवाज झाला आणि सगळे दिवे एकदम गेले. बाहेर उन्हं होती म्हणून तंबूत अगदीच काळोख झाला नाही, पण धुरात माणसांच्या नुसत्या आकृत्या दिसू लागल्या. कोणीतरी ओरडलं, “आग!”

बाकीच्या तीन वाटांकडे मोठी माणसं धावली. रिंगणाच्या काठावरच्या मुलांना मात्र सगळ्यात जवळची वाट पूर्वेची. ती सगळी तिकडे आली, त्यांच्यामागून त्यांना शोधणारे आईबाप आले, आणि सगळे येऊन त्या खुर्च्यांना धडकले.

अटीसाहेबांचं कुटुंब बाहेरच्या बाजूला होतं. दाजींनी आईला दंडाला धरून बाहेर काढलं, ताई भाच्याला घेऊन धावली. मागच्या तीन खुर्च्या त्या गडबडीतच उडाल्या. अटीसाहेब आणि त्यांची बायको तिथेच राहिले, कारण भिंगरी पलीकडे होती. ती त्यांना दिसतही होती. चौथ्या खुर्चीच्या पाठीला तिचा गाल दाबला गेला होता. ती ओरडत नव्हती, नुसती बापाकडे बघत होती.

त्यांनी खुर्ची ओढली. हलली नाही. पलीकडून दाबणाऱ्या गर्दीने खुर्च्या अर्धवट मिटल्या होत्या आणि एकमेकींत अडकल्या होत्या. ते गुडघ्यांवर बसून गाठ सोडवू लागले. स्वतःच्या हाताने मारलेली गाठ, पण ताणामुळे ती दगडासारखी झाली होती. नखं तुटली, बोटांतून रक्त आलं, दोरीचा एक पदर सुटेना. बायको वरून हात घालून मिळेल ते मूल उचलून बाहेर घेत होती. परकी मुलं येत होती. आपली खाली दबली होती, तिच्यापर्यंत हात पोचत नव्हता.

“अहो, सोडवा ना,” ती म्हणाली. “तुम्हीच बांधली आहे ना?”

वाचकहो, एवढं कठोर वाक्य त्या माणसाने आयुष्यात ऐकलं नव्हतं!

तेवढ्यात कोणीतरी त्यांना खांद्याला धरून बाजूला ढकललं. तंबूमास्तर होता. त्याच्या हातात दोर कापायचा सुरा होता. त्याने दोन्ही खांबांजवळ एकेक घाव घातला, एका खुर्चीला लाथ मारली आणि दुसरी उचलून मागे भिरकावली. तंबूची बाजूची कनात त्याच्या माणसांनी आधीच वर उचलून धरली होती. दोन मिनिटांत तंबू रिकामा झाला. भिंगरी आईच्या कडेवर आली तेव्हा तिच्या गालावर खुर्चीच्या पट्टीचा लाल वळ उठला होता.

आग तशी मोठी नव्हती. एक वायर जळाली होती, ती वाळूच्या चार बादल्यांनी विझली. पण एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा हात मिटलेल्या खुर्चीत सापडला होता. निळ्या स्वेटरची बाही एका विचित्र कोनात लोंबत होती आणि तिची आई मैदानावर तिला मांडीवर घेऊन बसली होती.

भीती ओसरली की लोकांना राग येतो. पाच-सहा जणांनी तंबूमास्तरला घेरलं. एकाने त्याची गचांडी धरली. तिकिटं जास्त विकता, वाटेत खुर्च्या टाकता, लेकरांच्या जिवावर उठलात, तुमचा तंबू आजच उखडून टाकतो, असं जो तो बोलत होता. निळ्या स्वेटरवाल्या मुलीच्या आईने मान वर केली. ती ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, “कोणी अडवली होती वाट?”

तंबूमास्तरने एकदाच अटीसाहेबांकडे पाहिलं आणि तो मूग गिळून गप्प राहिला. बारा दिवसांचा परवाना होता ना!

दाजींनी अटीसाहेबांचा कोपर दाबला. “चला इथून,” ते कुजबुजले. “तुमचं नाव कोणालाही माहीत नाही.”

खरंच कोणाला माहीत नव्हतं. उद्या कचेरीत चौकशीचा कागद अटीसाहेबांच्याच टेबलावर येणार होता. नववी अट मोडली, परवाना रद्द, असं त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहिलं असतं आणि सगळं मिटलं असतं. साठ माणसं गाशा गुंडाळून निघून गेली असती. त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. ती आईच्या खांद्यावरून त्यांच्याकडेच बघत होती, अगदी खुर्चीपलीकडून बघत होती तशीच.

ते गर्दीत शिरले. त्यांनी तंबूमास्तरच्या गळ्यापाशी धरलेला तो हात बाजूला केला. “यांना सोडा. यांनी नाही म्हटलं होतं,” ते म्हणाले.  “खुर्च्या मी ठेवायला लावल्या. परवाना काढून घेईन अशी धमकी दिली. दोरीही मीच बांधली. मी नगरपालिकेत परवाने देतो.”

कोणीतरी त्यांना शिवी दिली. कोणीतरी धक्का मारला. त्यांनी हात वर केला नाही.  अँब्युलन्स आली, ती आई मुलीला घेऊन चढली आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच अहवाल लिहिला आणि कारणाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. चौकशी लागली, परवान्यांचं टेबल गेलं. दाजी दोन दिवस आधीच परत गेले. जाताना म्हणाले की एवढं हरिश्चंद्र व्हायची काही गरज नव्हती. पण या वेळी अटीसाहेबांना ते लागलं नाही. वायरी बदलून सर्कस चार दिवसांनी पुन्हा सुरू झाली.

ती सुरू झाली त्याच संध्याकाळी अटीसाहेब दवाखान्यात गेले. मुलीच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. तिच्या आईने त्यांना ओळखलं आणि बसायला सांगितलं नाही. ते उभेच राहिले. क्षमा मागितली. आई खिडकीबाहेर बघत राहिली.

मुलीला हे काका कोण ते ठाऊक नव्हतं. सर्कशीतलेच कोणी असावेत असं तिला वाटलं. “झुल्यावरची बाई नंतर आली का हो?” तिने विचारलं. “मी तिच्यासाठीच गेले होते.”

“नाही आली. खेळ बंद पडला.”

मुलीचा चेहरा पडला. “मी पडले म्हणून?”

“नाही, बाळा,” अटीसाहेब म्हणाले.  “माझ्यामुळे बंद पडला.”

वाचकहो, आपण सगळे ओळखीपाळखीची माणसं आहोत. कोणाची ओळख कचेरीत, कोणाची दवाखान्यात, कोणाची नाटकाच्या खिडकीवर. ती वापरताना आपल्याला वाटतं, आपण फक्त एक मोकळी जागा घेतली. पण ती जागा कोणाच्या तरी लेकरासाठी मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. त्या लेकराचं नाव आपल्याला माहीत नसतं, एवढंच. म्हणून पुढच्या सुट्टीत तिकीट नाही मिळालं, तर घरी परत या आणि मुलांना खरं कारण सांगा. मुलं रुसतील, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्याबरोबर रांगेत उभी राहतील.