लाल बटणाची पाळी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे, नाडीची. हसू नका. तुमच्या शाळेत माझ्याइतक्या मुलांचे हात कुणी धरलेले नाहीत. आणि मला भूत लागलंय असं सातवीची पोरं सांगत फिरतात ना, त्याचंही खरंखोटं आज होऊन जाऊ दे.

माझा जन्म जुन्या नाशकातला, नव्वदच्या सुमाराचा. रहेमान टेलरांकडे एका बँडवाल्याने कोट शिवायला टाकला आणि न्यायला आलाच नाही. का, ते कुणाला कळलं नाही. खुंटीवर तो कोट इतका लटकला, की लग्नसराई आली की आपोआप डोलायला लागायचा. दुकान बंद असताना आतून क्लॅरिनेट वाजतं, असं शेजारचा सोनार सांगायचा. खोटं वाटतं? मी स्वतः ऐकलंय. मी तेव्हा त्या कोटाचं अस्तर होते.

शेवटी रहेमानचाचांनी तो उसवला. गणिताच्या साधनाबाईंना आतलं दिसणार नाही अशी पिशवी हवी होती, ती त्यांनी माझी केली. शाळेसाठी म्हटल्यावर शिलाई घेतली नाही, वर ओंजळभर पांढरी बटणं दिली. आणि कोटाचं एक लाल. सगळी एका मापाची, हाताला फरक कळायचा नाही.

बाई मला वर्गात खळखळ हलवायच्या. मुलं एकेक बटण काढायची, दाखवायची, परत टाकायची. लाल येईल त्याने बाईंना एक पेन्सिल द्यायची. एकदा ललितला लाल आलं. माझी पाळी झाली, आता मला येत नाही, म्हणत तो मिरवत जागेवर गेला. बाईंनी त्यालाच परत बोलावलं. परत लाल. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी काही केलं नव्हतं हो. कोटाचं मला ठाऊक नाही.

बाई म्हणाल्या, बटणाला आठवण नसते. मघाशी कुणाला निघालो, हे त्याला माहीत नसतं. मग त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, शक्यता आणि धोका. लाल निघायची शक्यता सगळ्यांना सारखीच, पण निघाल्यावर कुणाचं काय जाणार, ते बघितल्याशिवाय धोका कळत नाही. ललितची फार तर पेन्सिल जाईल.

भाग्यश्री नावाच्या मुलीने त्या दिवशी डबा खाल्ला नाही. शाळा सुटल्यावर तिने बाईंकडून मला घरी न्यायला मागून घेतलं.

घरी कुठली, ती मला पंचवटीत गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, घेऊन गेली. अगदी खालच्या अंगाला तिच्या आजीची, लंकाबाईची, पत्र्याची खोपी होती. म्हातारी तिथं झेंडू विकायची आणि पावसाळ्यातही तिथंच झोपायची. वरच्या गल्लीत लेकाचं घर होतं, सून चांगुणा बोलावून दमली होती. भाग्यश्रीचे आजोबा चिमाजी एका पुरात त्याच खोपीतून वाहून गेले, ते सापडलेच नाहीत. त्यांच्या वहाणा लंकाबाई रोज संध्याकाळी दाराबाहेर काढून ठेवायची. आणि तिचं एकच म्हणणं असायचं, की गंगेने आमच्या घरचं माणूस नेलंय, आता ती या दारात परत यायची नाय.

आभाळ भरून आलं होतं. पोरीने मला आजीच्या मांडीवर ठेवलं आणि खेळ समजावला. लंकाबाईने पांढरं काढलं, परत पांढरं काढलं आणि नातीला चिडवलं. मग लाल निघालं. म्हातारीने ते बाजूला ठेवलं.

“झाली त्याची पाळी.”

भाग्यश्रीने ते उचलून माझ्यात टाकलं.

“परत का टाकलंस गं?”

“तसंच असतं, आजी. त्याला आठवत नाही.”

लंकाबाईने पुन्हा हात घातला, पण बाहेर काढला नाही. आतली बटणं चाचपत तिने विचारलं, “आन् गंगेला?”

पोरगी मान खाली घालून म्हणाली, “गंगेलाही नाही.”

“म्हंजी तुझ्या आज्याला नेलं, त्येबी तिला ठावं नाय.”

मी आतून तो हात धरून ठेवला. पिशवी हात धरत नाही, असं तुमचं विज्ञान म्हणेल. म्हणू दे.

“मग मी इथं कुनाच्या भरवशावर झोपतीया,” म्हातारी म्हणाली आणि उठली. उजेड होता तोवर वळकटी आणि चिमाजीच्या वहाणा काखेत मारून वरच्या गल्लीत आली.

त्या पावसाळ्यात पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या, ज्याच्यावरून नाशिककर पूर मोजतात त्या मूर्तीच्या, गुडघ्याच्या वर चढलंच नाही. शेजारचा फुलवाला गोटीराम येता-जाता टोमणे मारायचा, की लंकाबाई बटणाला भिऊन पळाल्या. ती म्हणायची, “पळाले तर पळाले. लाल आतच हाय, बाबा.”

पुढच्या पावसाळ्यात भरदुपारी खोपी पत्र्यासकट गेली. लंकाबाई वरच्या खिडकीतून बघत होती. पाण्यात कुणीतरी क्लॅरिनेट वाजवतंय, असं ती म्हणाली म्हणे. मी तेव्हा शाळेत होते, पण माझंही अस्तर थरथरलं.

मग माझे चांगले दिवस गेले. बाई निवृत्त झाल्या, मी कपाटात पडले. कुणाच्या गणवेशाचं बटण तुटलं, की शिपाई राज माझ्यातलं एक काढून शर्टाला लावून टाकायचा. रोज थोडीच तुटतात? कधीतरी एखादं. पोरांची अब्रू राहिली, माझी काही तक्रार नाही. पण सगळ्यांना पांढरंच हवं असायचं. लाल कोण शाळेच्या शर्टाला लावणार?

परवा नव्या बाईंनी मला वर्गात नेलं. पहिल्या मुलीला लाल. दुसरीला लाल. तिसऱ्याने लाल बटण बघून मला फेकलंच, आणि भुताची पिशवी म्हणून वर्ग बाहेर पळाला.

मित्रांनो, भूत कोटात असेल, मी नाही म्हणत नाही. पण नाडी सोडून कुणी आत बघितलं का? तुमच्या घरी जुने शर्ट असतील, त्यांची पांढरी बटणं आणा आणि घाला माझ्यात, मूठमूठ घाला.

तोवर हात घालू नका.