मगर हॉलच्या गाण्याला उत्तर

मगर हॉल या मुलांच्या वसतिगृहाची पोरं मिरवणुकीला निघाली की सगळं कॉलेज रस्त्यावर येई. पुढं ढोल, मागं लोखंडी घंटा, मधे गाणं उचलणारा सेलोर्म. रीत अशी, की त्यानं कडवं टाकायचं आणि मुलींच्या वसतिगृहानं फाटकातून ते झेलायचं. न झेललं तर वर्षभर टिंगल. झेलायला एदिनाम पुढं असे. नव्या पोरींना तिनंच शिकवलेलं. सेलोर्म म्हणणार:

कोंबडी आली आपल्या पायी,
आता रडतेस कशाला बाई?

आणि पोरींनी खिदळत म्हणायचं, "बाई गं बाई!"

मावुएना या वर्षीची नवी, एदिनामच्याच खोलीत उतरलेली. खाऱ्या तळ्याकाठच्या गावची, चालणं हलकं, बोलणं मोजकं. सेलोर्मला ती 'एफो' म्हणे, थोरल्या भावाला म्हणतात तसं. मिरवणुकीचा टी-शर्ट माझ्या खोलीवरून घेऊन जा, असं तो म्हणाला, म्हणून गेली. त्यानं दिलेल्या लाल सोबोलो सरबतात कडक दारू होती. ती नाही म्हणाली. पुन्हा म्हणाली. रडत म्हणाली. त्यानं ऐकलं नाही, जबरदस्ती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालून ती एकटी कार्यालयात गेली आणि नाव घेऊन तक्रार देऊन आली. एदिनाम तिच्याकडं बघत राहिली. एवढीशी पोर, हे बळ कुठून आणते?

पण नळावर पोरींचं वेगळंच चाललेलं.

"आपल्या पायांनीच गेली ना?"

"एफो, एफो करत मागं कोण हिंडत होतं मग?"

एदिनामची बादली भरून वाहू लागली. हे तर गाणंच होतं, तिनंच तोंडी बसवलेलं. आणि एक गोष्ट तिच्याच पोटात होती. त्या दिवशी सेलोर्मला सरबतात दारूची बाटली उपडी करताना तिनं पाहिलं होतं. "नव्यांची भीड मोडतो गं," म्हणत त्यानं डोळा मारला, आणि ती हसली होती.

चौकशी सोमवारी होती. शनिवारी दुपारी मावुएनानं बॅग भरली.

"कुठं निघालीस?"

"घरी. मला विचारणार, पाहिलं कुणी? मी काय सांगू? भिंतीनं पाहिलं?"

एदिनामनं 'मी पाहिलं' म्हणावं, तर सारी मगर पोरं अंगावर येतील. ती फाटकापर्यंत तिच्याबरोबर चालत गेली.

तेवढ्यात वळणावर ढोल वाजला. मिरवणूक थेट फाटकाशी आली. सेलोर्मनं मावुएनाला पाहिलं, मान उडवली आणि मुद्दाम तेच कडवं टाकलं. सगळ्या पोरी एदिनामच्या तोंडाकडं बघू लागल्या.

एदिनामनं ओठ मिटले. पोरींनीही मिटले.

"काय गं, घसा बसला का?" कुणीतरी ओरडलं. "की केंकीचा घास अडकला घशात?"

मावुएनानं बॅग खाली ठेवली. तिच्या गावी जुन्या काळी भांडण गाण्यानं चव्हाट्यावर मांडत. गाणाऱ्याला कुणी अडवायचं नाही, ऐकून घ्यायचं. तिनं आवाज लावला, तळ्यावरच्या वाऱ्यासारखा सरळ.

पायानं आले, खरं गं बाई,
तोंडानं म्हटलं नाही, नाही.
पाऊल दिसलं, बोल का नाही?
सांग रे गाणाऱ्या, बोल का नाही?

"नाही गं नाही!" एदिनामनं झेललं. घसा फुटेल इतक्या जोरानं. मग मागून एक आवाज, मग खिडक्या-खिडक्यांतून, ज्या नळावर कुजबुजत होत्या त्यांचेही. "नाही गं नाही!"

सेलोर्मनं हात उंचावून ढोलाला खुणावलं. ढोलवाल्यानं त्याच्याकडं पाहिलं, मावुएनाकडं पाहिलं, आणि गळ्यातला ढोल काढून जमिनीवर ठेवला.

"बाटली त्यानं ओतली," एदिनाम सगळ्यांदेखत म्हणाली. "मी पाहिली. पाहून हसले. सोमवारी हे तिथं सांगणार आहे, हसल्याचंसुद्धा."

माफ केलं असं काही मावुएना म्हणाली नाही. गावाकडची गाडी येऊन फाटकाशी थांबली, गाडीवरच्या पोऱ्यानं हाळी दिली, गाडी तिला न घेताच निघून गेली.

"जिना चढायचाय," मावुएना म्हणाली. "बॅग जड आहे. एक बंद तू धर."