पाचशे मीटरांच्या आतला दुधी

“कायदा कोणासाठीही वाकत नसतो!” उजवा हात आभाळाकडे नेत गोविंदरावांनी जाहीर केलं, आणि लगेच तो हात खाली आणून डोक्यावरची टोपी धरली, कतारमधल्या मेसईदचा वारा कायद्याहून कडक होता. श्रोता एकच. कुंपणाच्या जाळीवर लोंबणारा हातभर लांबीचा दुधी भोपळा.

“कोणाला सांगताय, बाबा?” मागून सुनेने विचारलं. सुचित्राच्या डोक्यावर हेल्मेट, अंगात पिवळं जाकीट, हातात टॅब.

“तालीम करतोय. उद्या तपासणी आहे ना तुझी?”

“माझी आहे, तुमची नाही. आणि हा वेल आज काढायचाय.”

कारखान्यांचा विषारी कचरा बंदिस्त करून ठेवण्याच्या केंद्रात सुचित्रा नियमपालन अधिकारी होती. केंद्राच्या परवान्यातली अट साधी होती : भोवतीच्या पाचशे मीटरांच्या पट्ट्यात घर नको, शाळा नको, दवाखाना नको, विहीर नको, शेती नको. पट्ट्याच्या कडेला गेट, गेटपाशी केबिन, आणि केबिनमध्ये गेली अकरा वर्षं केरळातल्या कासरगोडचा राखणदार अबूबकर. केबिनच्या एसीतून टपटपणाऱ्या पाण्यावर त्याने हा वेल वाढवला होता. सुचित्राने सकाळी स्वतः मोजलं. चारशे ब्याण्णव मीटर.

“आठ मीटर!” गोविंदराव कळवळले. “अगं, नाशकात आम्ही आठ मीटर टेपच्या झोळात बसवायचो.”

यात अतिशयोक्ती नव्हती. नगररचना कार्यालयात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. हरित पट्ट्यात मंगल कार्यालयं आणि पूररेषेत बंगले उगवताना त्यांनी पाहिले होते, आणि त्या प्रत्येकासाठी कायद्यात कुठेतरी एक ‘परंतु’ निघाला होता. बहुतेक वेळा तो गोविंदरावांनीच काढून दिला होता. आता ते तीन महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. मुलगा दिवसभर पोलादाच्या कारखान्यात, त्यामुळे सून साइटवर निघाली की सासरे गाडीत बसत. पाहुण्यांना गेटच्या पुढे मनाई होती. म्हणून ते केबिनच्या सावलीत बसत, अबूबकरचा कोरा चहा पीत आणि वेलाकडे बघत. दुधी त्यांनी जन्मात आवडीने खाल्ला नव्हता. पण नजर ठेवावी असं त्या वाळूत दुसरं हिरवं काहीही नव्हतं.

“मला बरं वाटतंय का, बाबा?” सुचित्राचा आवाज खाली आला. “पण तपासणीत एक जरी फाइंडिंग निघालं, तरी परवान्याचं रिन्यूअल अडकेल. नियम काही उगाच नाहीये. इथल्या मातीतली भाजी उद्या कोणी खाल्ली तर?”

अबूबकरला तिने सकाळीच सांगितलं होतं. “ठीक है मॅडम,” म्हणून त्याने कात्री घेतली. तेवढ्यात ट्रक आला, कात्री ठेवून तो गेट उघडायला गेला. मग परत कात्री घेतली. मग दुसरा ट्रक. एरवी इतके ट्रक येत नसत. चौथ्या वेळी सुचित्राने पाहिलं, रस्त्यावर ट्रक नव्हताच, तरी तो गेट उघडून उभा होता.

“उद्या सकाळपर्यंत थांब,” गोविंदराव म्हणाले. “मी पंचनामा करतो.”

“पंचनामा? इथे कोण मेलंय?”

“मरणार आहे ना. आधी केलेला बरा.”

सुचित्राने टॅब बंद केला. नको म्हणाली नाही.

गोविंदराव कामाला लागले. पाच पंच मिळेनात म्हणून दोघांवर भागवलं, नाशकातही तसंच भागवतात. पहिला पंच अबूबकर. दुसरा, पाण्याचा टँकर घेऊन आलेला बीडचा संपत.

“काका, कशावर सही करायलोय मी?”

“वेलावर.”

“वाचून दाखवा मग. मागच्या बारीला न वाचता केली, तर कतारात आलो.”

गोविंदरावांनी खणखणीत वाचलं : “वेलाची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस गेट. पश्चिमेस वाळू. उत्तरेस वाळू. दक्षिणेस वाळू, पलीकडे समुद्र असल्याचे पंच सांगतात. वेलाची प्रकृती उत्तम. पाने एकशे बेचाळीस, पैकी पिवळी तीन. फळे दोन. वेलाचे आजवरचे वर्तन चांगले असून त्याच्याविरुद्ध पूर्वीची तक्रार नाही.”

“बेस,” म्हणत संपतने सही ठोकली. त्याखाली गोविंदरावांनी दोन पानं ‘परंतु’ जोडला.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आली. हनिया नावाची, कराचीची, तिशीतली मुलगी. गाडीतून उतरली आणि तिची नजर थेट दुधीवर गेली. सुचित्राने ओठ दाबून धरले.

“ये क्या है?”

गोविंदरावांनी घसा साफ करून पंचनामा वाचायला घेतला. हनिया अदबीने उभी राहिली. प्रत्येक परिच्छेदानंतर सुचित्रा इंग्रजीत भाषांतर करत होती. आपल्या दहा ओळींचं तिकडे एकच वाक्य होतंय हे गोविंदरावांच्या लक्षात आलं. ‘परंतु’ची दोन पानं तर ‘ही रिक्वेस्ट्स’ एवढ्या दोन इंग्रजी शब्दांतच संपली.

“एक मिनट,” हनियाने हात वर केला. “एक सौ बयालीस पत्ते. गिने किसने?”

“मैंने,” म्हणत अबूबकरने केबिनकडे बोट दाखवलं. आत, दाराच्या मागे, भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. दर शुक्रवारची तारीख, वेलाची लांबी, हिरवी पानं, पिवळी पानं. तीन हंगाम. वाळलेल्या दुधीतलं बी काढून दरवर्षी तो नवा वेल लावत होता. रोज केबिनच्या सावलीत बसणाऱ्या गोविंदरावांनी दारामागे कधी डोकावलंही नव्हतं.

“ये क्यों लिखा?”

“जुमे को गाड़ी कम आता, मॅडम. तो गिनता.”

“खाया कभी?”

“नहीं, नहीं.” अबूबकर जवळजवळ दुखावला. “अंदर क्या है, मालूम है ना. ये खाने का नहीं है. देखने का है.”

हनियाने भिंतीवरच्या नोंदी पहिल्या तारखेपासून वाचल्या. बाहेर येऊन तिने बुटाने वाळू उकरली, वेलाचं मूळ जमिनीत गेलंय याची खात्री केली, आणि सुचित्राशी इंग्रजीत बोलू लागली. यंत्रं दर महिन्याला सांगतात की माती स्वच्छ आहे. पण या मातीत जिवंत काही उभं आहे का, हे तिला आजवर कोणत्याच साइटने दाखवलं नव्हतं. इथे तर तीन हंगामांची नोंद होती, तारखांसकट.

मग तिने टॅबवर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. ही शेती नाही. हा नमुना-वेल आहे. तो काढू नये. फळ खाण्यास मनाई. दर महिन्याला एक पान तपासणीसाठी पाठवावं. देखरेख : अबूबकर.

सुचित्राने हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, कपाळावर पट्ट्याचा वळ, आणि ती हसत सुटली, थांबेचना. हनियाही हसली. गेटबाहेर टँकर उभा करून संपतने काय झालं ते न विचारताच हॉर्न वाजवला.

असा क्षण गोविंदरावांनी वाया जाऊ देणं शक्य नव्हतं. ते उठले. टोपी काढली.

“आज,” ते धीरगंभीर हिंदीत म्हणाले, “इस रेगिस्तान में एक ऐतिहासिक न्याय हुआ है! छत्तीस साल मैंने बड़े-बड़े लोगों के लिए कानून में जगह ढूँढी. लेकिन जिसने कभी कुछ माँगा ही नहीं, उसके लिए आज पहली बार...”

सुचित्राने त्यांच्याकडे पाहिलं. अबूबकरने हळूच हात वर केला होता, वर्गातल्या मुलासारखा. गोविंदरावांनी उदार मनाने त्याला बोलण्याची खूण केली.

“मॅडम,” अबूबकर हनियाला म्हणाला, “पत्ता लेना तो नीचेवाला लेना. ऊपर का अभी छोटा है.”