उन् + नती

त्र्यंबकरावांनी स्टेपल मारलेली पानं टेबलावर आपटली, तशी समोरची दहावीची मुलं लिहायची थांबली.

"माझं पुस्तक टाइप करून खुशाल वाटताय?"

क्लास चालवणाऱ्या मृणालने मुलांना बाहेर पाठवलं. मानपाड्यातल्या त्या क्लासात खुर्च्या रिकाम्या झाल्या, पण तिने त्यांना बसा म्हटलं नाही. त्र्यंबकरावांच्या अंगाचा आधीच तिळपापड झाला होता. उभ्या आयुष्यात त्यांच्या नावावर ते एकच व्याकरण होतं, नऊ आवृत्त्यांचं. नातीच्या, उर्वीच्या दप्तरात ही पानं दिसली आणि ते नौपाड्याहून तडक इथे आले होते.

"शिकवताना वापरायला कायद्यात मुभा आहे, सर."

"शाळेच्या वर्गात असेल. फी घेणाऱ्या दुकानात नाही. वकिलाची नोटीस येईल तुम्हाला."

"आणि हे तुमचं कशावरून? व्याकरण काय तुम्ही शोधलंत?"

याच प्रश्नाची ते वाट पाहत होते. त्यांनी तिसऱ्या पानावर बोट टेकवलं. तिथे उन्नतीची फोड उन् + नती अशी दिली होती.

"खरी फोड उत् + नती. पहिल्या आवृत्तीत माझ्या हातून चूक झाली. पुढे मी ती मुद्दाम ठेवली, चोर सापडावा म्हणून. ही चूक फक्त माझी आहे."

इतकी वर्षं मुलं चुकीचं शिकली, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मृणालने कपाटातून एक जुनी वही काढून त्यांच्यापुढे टाकली.

"मी यातून टाइप केलंय. आईची वही आहे."

कव्हरवर मंदाकिनी असं नाव होतं आणि साल १९८४. त्यांचं पुस्तक निघालं अठ्ठ्याऐंशीत. त्यांनी पान उलटलं. उन् + नती. शेजारी तांबड्या पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हे घ्यावे'. अक्षर त्यांचंच होतं. कोपरीच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, आठवड्यासाठी मागून नेलेली वही त्यांना आठवली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई कुठे असतात हल्ली?"

"गेली. मार्चमध्ये." मृणालने वही ओढून घेतली. "तुमची प्रत्येक आवृत्ती विकत आणायची ती. आधी ऋणनिर्देश वाचायची, मग मिटून या कपाटात ठेवायची. तुमची नोटीसही तिथेच ठेवीन."