बिनबियांचे बोंबील

नविन सावे याने वापीच्या कारखान्यातली नोकरी सोडली तेव्हा सगळ्या पाहुण्यारावळ्यांना सांगितलं होतं की, आता मी मालक. त्याची कंपनी तलासरीला हायवेलगत एका गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. माणसं दोन. नविन यंत्र बनवायचा आणि त्याचा मित्र उमेश कागद बनवायचा. कंपनी उभी होती ती कागदांवर, त्यामुळे खरा उत्पादन विभाग उमेशकडेच होता असं म्हणायला हरकत नाही.

यंत्र साधंच होतं. पारदर्शक पत्र्याची एक छोटी खोली, उन्हावर तापणारी. ऊन नसेल तर खाली नारळाच्या करवंट्यांची शेगडी पेटवायची. आत दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि त्यांवर जाळीचे ट्रे. घरची वाडी चिकूची, म्हणून नविनने ते चिकूच्या चकत्या वाळवायला आखलं होतं. छोट्या कंपन्यांनी संशोधन करून माल बाजारात आणावा म्हणून सरकार अनुदान देतं, हे उमेशने शोधून काढलं. पहिल्या टप्प्यात यंत्र बनवायचं, दुसऱ्यात विकायचं. उमेशने इंग्रजीत एक्केचाळीस पानांचा अर्ज लिहिला. धाडायच्या आदल्या दिवशी कळलं की यंदा प्राधान्य मासेमारीला आहे, फळांना नाही.

"मग पुढच्या वर्षी बघू," नविन म्हणाला.

"पुढच्या वर्षी कशाला? डहाणूला मासे नाहीत का?" उमेश म्हणाला, आणि त्याने संगणकाला हुकूम दिला की जिथे जिथे चिकू आहे तिथे तिथे बोंबील घाल. दोनशे बारा ठिकाणी बोंबील पडले. चहा निवायच्या आत संशोधनाचा विषय बदलला.

चार महिन्यांनी अर्ज मंजूर झाला. सात तज्ज्ञांच्या समितीने 'कार्यपद्धती अत्यंत सुस्पष्ट' असा शेरा मारला होता. पहिल्या टप्प्याच्या पैशांतून यंत्र झालं, धाकट्या डहाणूला खाडीकाठी बोंबील वाळवून विकणाऱ्या जमनामावशीच्या अंगणात बसलं, आणि २०१७च्या डिसेंबरात दुसऱ्या टप्प्याआधीच्या पाहणीचं पत्र आलं. अटी दोन होत्या. यंत्र मंजूर कार्यपद्धतीप्रमाणे तज्ज्ञांसमोर चालवून दाखवायचं आणि ते विकत घेईन असं एका खऱ्या गिऱ्हाइकाने लिहून द्यायचं. नाही जमलं तर दुसरा टप्पा रद्द. मग शेडचं भाडं द्यायला काही उरणार नव्हतं, आणि मालक सोमवारी पुन्हा वापीच्या गेटवर पंचिंग करताना दिसले असते.

पत्रासोबत तपासणीची यादी होती, अर्जावरूनच काढलेली. उमेशने ती मोठ्याने वाचायला घेतली आणि दुसऱ्याच ओळीला तो अडखळला.

"'बोंबील सोलणे व त्यातील बिया काढणे. तज्ज्ञांनी प्रत्यक्ष पाहावे.'"

नविनने यादी ओढून घेतली. पुढे लिहिलं होतं, 'पिकलेल्या बोंबलांच्या समान जाडीच्या चकत्या.' त्याखाली, 'झाडावरून उतरवल्यापासून चोवीस तासांत प्रक्रिया.'

"उम्या, हे तू वाचलं नाहीस?"

"मी लिहिलंय. लिहिणारा कधी वाचतो का?"

"आणि त्या सातांनी?"

"त्यांनी 'अत्यंत सुस्पष्ट' म्हटलंय ना! आता आपणच सांगायचं का की तुम्ही सात जण न वाचता सही करता? दुसरा टप्पा सोड, पहिल्याचे पैसे परत मागतील."

शेवटी ठरलं ते एवढंच की तिथे कुणी तोंड उघडायचं नाही. जमनामावशीला हे सांगायची जबाबदारी नविनवर आली, आणि ती त्याने पार पाडली नाही. जमनामावशीला गप्प बस म्हणणारा माणूस धाकट्या डहाणूत अजून जन्मला नव्हता, आणि तो मान त्याला नको होता.

पाहणीला डॉ. हेडाऊ आले. मूळ नागपूरचे, शाकाहारी, गळ्यात मफलर. आभाळ भरलं होतं. काठावर बांबूच्या वलांड्यांना ताणलेल्या दोरांवर बोंबील वाळत होते, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. डॉक्टरांनी मफलर नाकावर घेतला आणि फायलीतून यादी काढली.

"हं. बिया कोण काढतं?"

नविन खाडीकडे बघायला लागला. उमेश बुटाची नाडी बांधायला बसला, जरी त्याच्या पायात चपला होत्या.

"कसल्या बिया?" जमनामावशीने विचारलं.

"बोंबलाच्या."

मावशीने आधी डॉक्टरांकडे पाहिलं आणि मग नविनकडे. चार दिवसांचं पापलेट कुणी ताजं म्हणून पुढे केलं की ती असंच बघायची. "रूपी, इकडे ये गं," तिने सुनेला हाक मारली. "साहेबांना बोंबलाच्या बिया पायजेत. तुझ्या माहेरी मिळतात का, ईचार."

रूपी पदर तोंडात धरून तिथेच खाली बसली.

"पण अर्जात स्पष्ट लिहिलंय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. झाडाच्या ओळीपाशी ते बराच वेळ थांबले. एक्केचाळिसाव्या पानावर सात सह्या होत्या, आणि तिसरी त्यांचीच होती.

"साहेब, तुम्ही वाचलेला का हा कागद?" मावशीने अगदी मायेने विचारलं.

"समितीने वाचला होता."

"समितीत माणसं किती?"

"सात."

"आणि वाचणारी?"

डॉक्टरांनी मफलर सोडला. "बाई, प्रत्येकाला वाटलं की बाकीच्या सहांनी वाचला असेल," ते म्हणाले. मग पेन काढून त्यांनी बियांच्या रकान्यात लिहिलं, 'तपासणीत आढळल्या नाहीत.' नविनने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्याच वेळी पाऊस आला.

डिसेंबरातला पाऊस. भिजलेला बोंबील दुसऱ्या दिवशी कोंबडीही खात नाही. आख्खा काठ धावला. बाया वलांड्यांवरून दोरच्या दोर बोंबलांसकट उतरवत होत्या. "यंत्रात घाला, मावशी!" नविन ओरडला आणि करवंट्या पेटवायला खाली वाकला. पुढच्याच क्षणी त्याच्या पाठीवर जाळीचा ट्रे आदळला. मग दुसरा.

"मावशी, ट्रे कशाला काढता?"

"आडवा टाकला तर बोंबील खालून सडतो! तो टांगायचा असतो, येवढं लहान पोराला कळतं. हे दोर असेच आत बांधू दे. आणि ह्या पट्ट्या मधे येतात, त्या काप आधी!"

"पट्ट्या नाही कापता येत मावशी. मंजूर रचना आहे. बदलायची तर समितीची लेखी परवानगी लागते."

"कधी मिळंल?"

"आठ महिन्यांनी."

"आठ महिने बोंबलाला धरून ठेवायला सांगतोस?" दोन्ही हातांत ओल्या बोंबलांचे दोर घेऊन मावशी त्याच्यासमोर उभी राहिली. "पट्ट्या काढ, अशी दोन मशीनं घेते. एक माझं, एक रूपीचं. आत्ता अंगठा देते. पट्ट्यांसकट फुकट दिलंस, तरी आत कोंबड्या ठेवीन."

नविनने डॉक्टरांकडे पाहिलं. पट्ट्या कापल्या तर रचना मोडली, टप्पा रद्द. नाही कापल्या तर गिऱ्हाईक गेलं, टप्पा रद्द. आजवर तो समितीला काय आवडेल याचाच विचार करत आला होता, आणि यंत्र मागणारी पहिली बाई समोर भिजत होती. त्याने पिशवीतून हॅकसॉ काढला.

"सर, मी कापतोय," तो म्हणाला. "लिहायचं ते लिहा."

डॉक्टर हेडाऊंनी फाईल मिटून कोरडी राहावी म्हणून कोटाच्या आत घातली. मग छत्री उघडून त्यांनी यंत्राकडे पाठ केली.

"मला जरा खाडीची पाहणी करायची आहे," ते म्हणाले. "किती पट्ट्या आहेत?"

"चोवीस, सर."

"बरं. खाडीही मोठीच दिसतेय."

लोखंड करकरायला लागलं. पट्टी तुटून पडली की रूपी तिथे दोर बांधायची, आणि शेगडीचा धूर बोंबलांच्या जोड्यांमधून वर जायचा. उमेशने कोरडा कागद शोधून मावशीचा अंगठा घेतला. त्यावर बोंबलाचं पाणी सांडलं, त्यामुळे गिऱ्हाईक खरं असल्याचा दुसरा पुरावा लागणार नव्हता.

"झालं का?" पाठ न वळवता डॉक्टरांनी विचारलं.

"अजून नऊ आहेत, सर."

"सावकाश होऊ द्या," डॉक्टर म्हणाले. "ओहोटी बघायची राहिलीय."