दुपदरी साय

आमच्या गावात नारळपाण्याला साय धरवतात. नारळाचं पाणी, साखर, थोडा सिरका आणि मागच्या खेपेचं विरजण परातीत ओतायचं, वर वर्तमानपत्र बांधायचं आणि आठवडाभर तिकडे फिरकायचं नाही. मग बोटभर जाड पांढरी वडी निघते. ती कापून पाकात घालतात. विरजणातले जंतूच ती विणतात, आणि त्यांचे नखरे जावयापेक्षा जास्त. गारठा पडला की साय पातळ, आंबट कमी पडलं की बुरशी. परात हलली तर विचारूच नका. धरलेली साय बुडते, वर दुसरी धरते आणि वडी दोन पदरांची निघते.

माझे सासरे आर्तुरो परात हलवायचेच. रोज कागद उचलून डोकावायचे, कडेवर बोटाने टकटक करायचे. सासूबाई ओरडायच्या, "अहो, झोपलेल्या लेकराला कशाला उठवता?"

गेल्या वर्षी ते गेले. नवव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि पुढच्या खेपेला सगळ्या वड्या दुपदरी निघाल्या.

"तुझे सासरे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची मेल्यावरही गेली नाही बघ."

त्या दिवसापासून परातींपाशी एक ताट जायला लागलं, भात आणि सुका मासा. माल न्यायला लुसेनाहून येणारा बेर्नाबे मात्र वैतागला. "ताई, पाकात पदर सुटतात. पुन्हा असला माल दिलात तर मी दुसरं घर बघेन."

नवरा बोटीवर, घर या परातींवर. मला भुताचे लाड परवडणारे नव्हते. सासरे गेले त्याच सुमारास परातींमागच्या भिंतीपलीकडून दगडखाणीचे ट्रक जायला लागले होते. एक ट्रक गेला तेव्हा मी परातीवर तळवा ठेवला. पाणी थरथरलं. झालं, सापडलं भूत! सगळ्या पराती उचलून मी मागच्या उबदार खोलीत नेल्या.

पुढची खेप आरशासारखी निघाली. सासूबाई एकेका वडीच्या कडेवरून नख फिरवत गेल्या, पदर शोधत. शेवटची वडी खाली ठेवून म्हणाल्या, "गेले."

त्यांनी सासऱ्यांचं ताट बंद केलं. मग हळूहळू स्वतःचंही. पेजेचे दोन घोट घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मला धडकी भरली. अशीच बाई एक दिवस उठायची नाही.

मी एक रिकामी परात रस्त्याकडच्या भिंतीशी परत नेली आणि तिथेच भरली. सासूबाईंना सांगितलं, मागे जागा पुरत नाही. आणि माझं नशीब बघा, त्याच रात्री पुराने पूल नेला. ट्रक बंद. आठवडाभर रस्त्यावर कुत्रं फिरकलं नाही. परातीकडे जायचं मी टाळलं.

आठवड्याने कागद सोडला. सासूबाईंनी नख फिरवलं आणि वडी मधून सुटली. दोन पदर.

मला वाटलं, त्या हसतील. त्यांनी माझा हात धरला. "पोरी, माझ्यासाठी तू हलवलीस ना? ट्रकचं मला कळत होतं गं. एवढी काही खुळी नाही मी. पण पदर दिसला की बरं वाटायचं."

"आई, मी हात लावला नाही. शपथ. मला वाटलं, तुम्ही..."

"मी?" त्यांनी माझा हात सोडला. "वडी एकपदरी निघेल या भीतीने मी त्या भिंतीकडे गेलेच नाही."

आम्ही दोघी परातीकडे बघत राहिलो. घरात तिसरं कुणी नव्हतं.

"भूक लागली," सासूबाई म्हणाल्या. "पानं वाढ. तीन."

तिसरं पान मीच भिंतीपाशी नेलं. माशाचं डोकं सासऱ्यांना आवडायचं. माझ्या ताटातलं काढून मी त्यावर ठेवलं.